फळाच्या आत काय चाललंय?

१५, २०, २३, २५, २७, ३०, ३३ आणि ३५ अंश सेल्सियस. अशा आठ तापमानांत एकाच जातीचे भुंगेरे वाढवायचे. कुठे अंड्यातून अळी निघते, कुठे अळीचा कोष होतो, कुठे सगळंच थांबतं, ते दिवसामागून दिवस मोजत राहायचं. भुंगेरा जेमतेम दीड मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा. कॉफीच्या फळात शिरून त्याची बी पोखरणारा हा किडा कॉफी पिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक देशात पोचला आहे. ज्युलियाना जारामिल्लो या कोलंबियन कीटकशास्त्रज्ञ. जर्मनीतलं हानोवर विद्यापीठ आणि केनियातली इसिपे ही कीटकसंशोधन संस्था यांच्याशी जोडलेल्या असताना, उमेदीच्या वर्षांत, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर हे मोजमाप केलं आणि २००९ साली ते छापून आलं.

निष्कर्ष थोडक्यात सांगता येतो. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा प्रवास २० ते ३० अंशांच्या दरम्यान नीट पार पडतो. गणिताने काढलेल्या सीमा खाली १४.९ आणि वर ३२ अंश. मग त्यांनी इथिओपियातल्या जिम्मा भागाच्या ३२ वर्षांच्या हवामानाच्या नोंदी या आकड्यांशी ताडून पाहिल्या. अरेबिका कॉफीचं हे माहेर. १९८४ पूर्वी तिथली हवा इतकी थंड होती की या भुंगेऱ्याची वर्षात एक पिढीसुद्धा पुरी होणं शक्य नव्हतं. त्यानंतर तापमान चढत गेलं आणि वर्षाला एक-दोन पिढ्यांना पुरेल एवढी ऊब तिथे आली. ज्या डोंगरात कॉफीचं झाड हजारो वर्षं या शत्रूपासून थंडीच्या आडोशाने वाचलं, तो आडोसा एका माणसाच्या हयातीत गेला.

जारामिल्लो यांचा हा शोधनिबंध एखाद्या बागायतदाराच्या हाती दिला तर तो शेवटचं पान उलटून विचारेल, ‘मग फवारू काय?’ त्याचं उत्तर त्यात नाही. एकही बाटली नाही, एकही मात्रा नाही. तरीही मला हे काम कीडनियंत्रणाचा गाभा वाटतं. किडा कसा जगतो हे कळण्याआधी तो कसा मारायचा हे ठरवण्याची आपल्याला सवय लागली आहे. ही सवय शेतकऱ्याची नाही. विक्रेत्याने, सल्लागाराने, कृषी खात्याच्या पत्रकाने आणि विद्यापीठातल्या पदोन्नतीच्या हिशेबाने मिळून ती लावली आहे. जगणं समजून घेणारं संशोधन मग ‘मूलभूत’ या मानाच्या पण रिकाम्या पाटावर जाऊन बसतं आणि पैसा दुसरीकडे जातो. हे उलट व्हायला हवं असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी आधी त्या फळाच्या आत जायला हवं.

स्पॅनिशमध्ये या किड्याला ब्रोका म्हणतात, म्हणजे गिरमिट. कन्नडात ‘कायि कोरक’. त्यातलं आपलं ‘कोरणं’ मराठी कानाला लगेच ऐकू येतं. मादी फळाच्या टोकाशी, जिथे फूल गळून गेल्याची खूण असते तिथे भोक पाडते आणि बीपर्यंत पोचते. आत बोगदा करून अंडी घालते आणि पिल्लांपाशीच राहते. त्या पिल्लांत मुली फार आणि मुलगे अगदी थोडे, साधारण दहास एक. नराला उडता येत नाही. तो त्याच फळात जन्मतो, तिथेच आपल्या बहिणींशी त्याचा संयोग होतो आणि तिथेच तो मरतो. बाहेर पडणारी प्रत्येक मादी फळलेली असते. तिला जोडीदार शोधायचा नसतो, हवं असतं फक्त पुढचं फळ. म्हणजे एक मादी कुठेही पोचली की त्या जागी वंश सुरू झाला. १९९० साली निलगिरीतल्या गुडलूर भागात हा किडा भारतात प्रथम दिसला आणि तिथून वायनाड, कोडगूत पसरला, तो याच बळावर.

कॉफीची बी खाणं ही सोपी गोष्ट नाही. आपल्याला तरतरी देणारं कॅफीन हे मुळात झाडाने कीटकांसाठी तयार केलेलं विष आहे. कॉफीच्या झाडावर जगणाऱ्या कीटकजाती आठशेच्या वर मोजल्या गेल्या आहेत, पण बीच्या आत सगळा जीवनक्रम उरकणारा हाच एक. त्याला हे विष पचतं कसं? २०१५ साली हाविएर सेहा-नावारो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कॅफीन पचवण्याचं काम किड्याच्या पोटातले जिवाणू करतात. प्रतिजैविकं देऊन ते जिवाणू मारले, तर खाल्लेलं कॅफीन जसंच्या तसं विष्ठेतून बाहेर पडतं आणि अंडी-अळ्यांची संख्या कोसळते. स्युडोमोनास फुल्वा हा एकच जिवाणू परत दिला की कॅफीन पुन्हा पचू लागतं. ही बातमी आली तेव्हा ‘आता जिवाणू मारले की झालं’ असा सूर अनेकांनी लावला. पण याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग मला जास्त बोलका वाटतो. तो एक जिवाणू परत आला तरी किड्याची प्रजननशक्ती पूर्ववत झाली नाही. पोटातला कारभार एका जिवाणूच्या नावावर नव्हता. ज्यांनी प्रयोग केला त्यांनी हेही प्रामाणिकपणे मांडलं. ऐकणाऱ्यांनी तेवढं वगळलं.

आता फवारणीकडे येऊ. औषध पानांवर आणि फळाच्या सालीवर पडतं. किडा सालीवर असतो तो भोक पाडण्याच्या थोड्या वेळापुरता. एकदा आत गेला की त्याची खोली सुरक्षित. तरीही जगभर एंडोसल्फान फवारलं गेलं. न्यू कॅलेडोनिया या पॅसिफिकमधल्या बेटावर रस्त्यावरून गाड्यांनी फवारणी होत असे. तिथे या किड्यात एंडोसल्फानविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचं १९८९ साली नोंदवलं गेलं. त्यानंतर १९९५ साली त्यामागचं कारण पुढे आलं, आणि ते थक्क करणारं आहे. या किड्याच्या नराला आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून गुणसूत्रं मिळतात, पण बापाकडची आवळलेल्या, निष्क्रिय अवस्थेत राहतात आणि पुढच्या पिढीत जातच नाहीत. नर व्यवहारात फक्त आईचा असतो. त्यामुळे प्रतिकाराचं जनुक आईकडून आलं की त्याला झाकणारं दुसरं काही नराकडे नसतं. शिवाय भावा-बहिणींचाच संयोग, तोही बंद फळात. असा गुण दोन-चार पिढ्यांत सगळ्या वंशात मुरतो. विषाला पुरून उरण्याची तयारी या किड्याच्या कुटुंबरचनेतच होती. ही रचना आधी कोणी पाहिली असती, तर त्या बेटावर वर्षानुवर्षं विष ओतण्यापूर्वी दहादा विचार झाला असता. आपल्याकडे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली, ती कासारगोडच्या काजूबागांभोवतीच्या माणसांनी, त्यांच्या मुलांनी भोगून झाल्यावर.

मी कापसाच्या मुलुखात वाढलो. कॉफीच्या भुंगेऱ्याबद्दल वाचताना मला सारखी गुलाबी बोंडअळी आठवते, आणि हे साम्य वरवरचं नाही. अळी बोंडात शिरते, तिच्यामागे छिद्र बुजतं, आत ती सरकी खाते. बाहेर हिरवंगार बोंड, आत नासाडी. फूल उमलायच्या ऐवजी डोमकळी झाली तर जाणत्या बाईला कळतं, एरवी वेचणीपर्यंत कळतच नाही. आमच्याकडे फरदड घ्यायची पद्धत होती. डिसेंबर सरला तरी कापूस उपटायचा नाही, एखाद-दुसरं पाणी द्यायचं, मिळतील तेवढी बोंडं पदरात पाडायची. माझे वडीलही घेत. घरात पैशाची ओढ असताना उभं पीक उपटायला हात धजावत नाही. पण अळीच्या बाजूने पाहिलं तर फरदड म्हणजे उन्हाळा पार करायची शिदोरी. कॉफीतही हेच. तोडणीनंतर झाडावर राहून गेलेली आणि जमिनीवर सांडलेली फळं ही ब्रोकाची फरदड. पीक संपतं, किडा संपत नाही, कारण आपण त्याच्यासाठी घर मागे ठेवलेलं असतं. कोलंबियात ब्रोका १९८८ साली पोचला, त्यानंतर तिथल्या संशोधकांनी सर्वांत जास्त भर कशावर दिला असेल तर तो पिकलेलं प्रत्येक फळ वेळेवर तोडण्यावर आणि उरलंसुरलं वेचून काढण्यावर. आपल्या कॉफी मंडळाचाही हाच सल्ला असतो: तोडणीच्या वेळी झाडाखाली चटई-ताडपत्री अंथरा, सांडलेलं उचला, मागे काही ठेवू नका.

हा सल्ला ऐकायला घरगुती वाटतो. पण तो कुठून आला ते पाहा. दोन हंगामांच्या मध्ये किडा कुठे असतो, किती दिवस तग धरतो, कशाने बाहेर पडतो, हे कोणीतरी वाळकी फळं गोळा करून, एकेक चिरून, आतल्या माद्या मोजून ठरवलं आहे. कापसात मात्र उलट घडलं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बोंडाच्या आत बसलेल्या अळीवर बाहेरून विष मारताना माणसं मेली. हे वाक्य लिहिताना आजही हात थांबतो. अळी कुठे आहे हे माहीत असलेली माणसं विद्यापीठांत होती. ती माहिती फवारणी पंपाच्या आधी बांधावर पोचली नाही.

‘कीड’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं. आपण तो जातीचं नाव असल्यासारखा वापरतो. नाशिकच्या द्राक्षबागेत किंवा कांद्याच्या वाफ्यात फुलकिडे म्हटलं की कपाळाला आठी पडते. जारामिल्लो यांनी पश्चिम केनियातल्या किसी भागात कॉफीची फळं चिरून पाहिली, तेव्हा ब्रोकाच्या बोगद्यात त्यांना फुलकिडे सापडले. ते तिथे काय करत होते? डोळ्यांनी ठरवणं अवघड, कारण सगळा व्यवहार बंद फळात. मग त्या फुलकिड्यांच्या पोटातून डीएनए काढून तपासला आणि त्यात ब्रोकाचा अंश मिळाला. कार्नियोथ्रिप्स फ्लाविपेस नावाचे हे फुलकिडे ब्रोकानेच पाडलेल्या भोकातून आत शिरत होते आणि त्याची अंडी-अळ्या खात होते. हे २०१० साली प्रसिद्ध झालं. ब्रोकाशी लढण्यासाठी युगांडातली एक परजीवी गांधीलमाशी ब्राझीलमध्ये नेली गेली १९२९ साली. म्हणजे आठ दशकं माणूस या किड्याचे शत्रू एका खंडातून दुसऱ्या खंडात वाहून नेत होता, आणि एक शत्रू त्याच फळात बसलेला होता, कोणी न पाहिलेला. ज्या बागेत रंग बघून आणि संख्या मोजून सरसकट फवारणी होते, तिथे हा फुलकिडा आधी मरतो, कारण तो भोकातून ये-जा करत राहतो. ज्याच्यासाठी फवारलं तो आत निवांत असतो.

मेक्सिकोत, चियापासमधल्या फिंका इर्लांदा या कॉफीमळ्यात इवेत पेर्फेक्तो आणि जॉन व्हँडरमीर यांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्यांच्याबरोबर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी. तिथलं चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. अझ्टेका नावाच्या मुंग्या सावलीच्या झाडांवर घरटी करतात आणि शेजारच्या कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीला गाईसारखं राखतात, तिचा गोड पाझर पितात. कोणताही सल्लागार म्हणेल, मुंग्या मारा, खवले कीड मारा. पण या मुंग्या ज्या झाडावर गस्त घालतात तिथे ब्रोकाला थारा मिळत नाही. खवले किडीवर वाढणारी एक पांढरी बुरशी कॉफीच्या तांबेऱ्यावरही हल्ला करते. मुंग्यांना मारणारी एक माशी आहे, ती घिरट्या घालू लागली की मुंग्या घरट्यात दडतात, आणि तेवढ्या वेळात खवले किडीचे शत्रू आपलं काम उरकतात. यातलं कीड कोण? ज्या झाडापाशी आपण उभे आहोत आणि ज्या महिन्यात उभे आहोत, त्यावर उत्तर अवलंबून आहे. मला हे उत्तर अनिश्चित वाटत नाही. मोजून काढलेलं, पण जागेला बांधलेलं उत्तर आहे हे.

जागेला बांधलेलं म्हणतो, कारण दुसऱ्या बाजूलाही एक सोपं उत्तर तयार आहे आणि ते माझ्यासारख्या माणसाला भुरळ घालतं: सावली राखा, जंगल राखा, निसर्ग बघून घेईल. भारतीय कॉफीच्या इतिहासात या उत्तराला मोठा आधार आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपियन मळेवाल्यांनी कोडगू-म्हैसूर भागात जंगल सपाट करून उघड्यावर कॉफी लावली आणि १८६० च्या दशकात पांढऱ्या खोडकिड्याने मळेच्या मळे वाळवले. मद्रास सरकारने जॉर्ज बिडी या लष्करी डॉक्टरकडे चौकशी सोपवली. त्यांचा अहवाल १८६९ साली छापला गेला आणि त्यात सावली धरण्याचा सल्ला होता. त्याच साली कोडगूतल्या जंगलतोडीच्या परिणामांवरही त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला. खोडकिड्याचा भुंगेरा उन्हाचा भोक्ता. ऊन लागणाऱ्या मुख्य खोडाच्या सालीच्या भेगांत मादी अंडी घालते, अळी आत जाऊन लाकूड कोरते. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा भुंगेरे बाहेर पडतात. त्या दोन्ही वेळांच्या अगोदर मजूर रोपारोपापाशी वाकून खोडावर उठलेल्या वळ्या शोधतात, किडलेलं रोप मुळासकट उपटून जाळतात. दीडशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरने बघून सांगितलेली सावली आज भारतीय कॉफीची ओळख झाली आहे.

पण तीच सावली ब्रोकाला चालते का? जारामिल्लो आणि सहकाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेसाठी सावलीची शिफारस केली, कारण सावलीत फळाभोवतीचं तापमान उतरतं आणि किड्याच्या पिढ्या घटतात. युगांडात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सखल, उन्हातल्या बागांत ब्रोका जास्त आढळला, पण तिथला पांढरा खोडकिडा, जो आपल्या खोडकिड्याहून वेगळ्या जातीचा आहे, तो उंचावर आणि सावलीत जास्त निघाला. आपल्याकडे खोडकिड्यासाठी सावली पुरेशी ठेवा म्हणतात आणि ब्रोकासाठी सावली विरळ करा, हवा खेळती ठेवा म्हणतात. अरेबिका आणि रोबस्टा एकाच बागेत असलेल्या शेतकऱ्याने काय करायचं? खोडकिड्याला कंटाळून अनेकांनी अरेबिका काढून रोबस्टा लावली, कारण रोबस्टाच्या खोडात तो टिकत नाही. आज देशातली बहुतांश कॉफी रोबस्टा आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. सावलीच्या झाडांची कथा तर सरळ कायद्यात जाते. कोडगूत कित्येक जमिनींवरच्या देशी झाडांच्या लाकडावर शेतकऱ्याचा पूर्ण हक्क नाही, आणि परदेशी सिल्व्हर ओक तोडायला मात्र फारशी आडकाठी नाही. मग नव्याने लावताना लोक सिल्व्हर ओकच लावतात. सावली आहे, पण उंबर, शिसव, फणस असलेल्या सावलीत जेवढे पक्षी-मुंग्या-कोळी असतात तेवढे या सरळसोट झाडांच्या सावलीत नसतात. ‘सावली राखा’ या दोन शब्दांत यातलं काही मावत नाही. बाटली विकणारा आणि घोषणा देणारा, दोघांनाही आत काय चाललंय ते बघायला वेळ नसतो.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मी घरीच ऐकला आहे. शेतकऱ्याला दहा वर्षं थांबता येत नाही. कर्ज हंगामाचं असतं, व्याज महिन्याचं असतं, आणि कीड आज दिसते. संशोधक मुलगी तापमान मोजत बसेल, तोवर बाग जाईल. या आक्षेपाला मी मान देतो. शेतकरी बाटली घेतो ती अज्ञानाने नाही. ती दुकानात आहे, उधारीवर मिळते आणि एका माणसाच्या एका दिवसाच्या कामात संपते. उरलेलं फळ वेचायला माणसं लागतात. कोडगू-चिक्कमगळूरूमध्ये मजूर मिळत नाहीत ही बागायतदारांची रोजची चिंता आहे. एकराला वेचणीची मजुरी आणि वाचलेल्या कॉफीचा भाव यांचं गणित मंदीच्या वर्षी जुळत नाही. तेव्हा संशोधनाने सांगितलेला उपाय बरोबर असूनही शेवटी मजुरीच्या दरापाशी अडतो. हे मान्य न करता लिहिणं शेतकऱ्यावर अन्याय होईल.

पण मान्य केल्यावर पुढे काय निघतं? माझ्या मते उलट निघतं. उपाय खर्चिक आहे म्हणूनच तो नेमका कुठे, किती आणि केव्हा लागतो हे कळलं पाहिजे. सगळ्या बागेतली फळं वेचणं परवडत नसेल, तर कोणत्या उतारावर, कोणत्या झाडाखाली, कोणत्या आठवड्यात वेचलं तर किडा मोडतो? हे फक्त बघत बसलेलं माणूसच सांगू शकतं. डॅनियल कार्प हे स्टॅनफर्डमधून पीएचडी करताना कोस्टा रिकाच्या कॉफीमळ्यांत झाडांना जाळ्या लावून बसले. पक्ष्यांना झाडापर्यंत येऊ दिलं नाही तर ब्रोका किती वाढतो हे त्यांनी मोजलं. पक्ष्यांची विष्ठा गोळा करून त्यात ब्रोकाचा डीएनए शोधला आणि यलो वॉर्बलरसारख्या चिमुकल्या पक्ष्यांच्या पोटात तो सापडला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाप्रमाणे पक्षी किडीचा प्रादुर्भाव जवळपास निम्म्यावर आणतात आणि हेक्टरी वर्षाला ७५ ते ३१० डॉलरचं पीक वाचवतात. हे पक्षी मळ्यांमधल्या जंगलाच्या छोट्या छोट्या तुकड्यांच्या आधाराने राहतात. सरकारने राखलेलं मोठं अभयारण्य त्यासाठी लागत नाही, ओढ्याकाठची पट्टी पुरते. शेतकऱ्याला हा आकडा उपयोगाचा आहे. ओढ्याकाठची जमीन साफ करून आणखी चार ओळी लावायच्या की नाही, हे तो या आकड्यावर ठरवू शकतो. विष्ठा गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याने हा आकडा त्याच्या हातात दिला.

ही कामं बहुतेक तरुणच करतात, याचं कारण साधं आहे. फळ चिरून आतल्या अळ्या मोजण्याचं काम दुसरं कोणी करणार नाही. पीएचडीची तीन-चार वर्षं ही आयुष्यातली एकमेव अशी वर्षं असतात, जेव्हा एका किड्याजवळ बसून राहणं हेच काम म्हणून मानलं जातं. नंतर प्रकल्प येतात, समित्या येतात, वर्ग येतात. म्हणजे ज्ञानाचा हा सगळा साठा पंचविशी-तिशीतल्या माणसांच्या शिष्यवृत्तीवर उभा आहे, आणि आपल्याकडे ती शिष्यवृत्ती महिनोन् महिने रखडते. २००८ साली सोयाबीनवर अळ्यांचा प्रचंड उद्रेक झाल्यावर महाराष्ट्राने क्रॉपसॅप ही सर्वेक्षण योजना सुरू केली. गावोगावच्या शेतांत जाऊन, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या झाडांवर अळ्या मोजणारी तरुण मुलं त्यात होती. कल्पना उत्तम होती, आजही आहे. पण मोजणारा हंगामापुरता कंत्राटावर असेल, तर त्याच्या डोळ्यांत साठलेलं शेत हंगामाबरोबर जातं. पुढच्या वर्षी नवा माणूस नव्याने शिकतो. किड्याचा जीवनक्रम सलग असतो, तर तो पाहणाऱ्याची नोकरी तुटक कशी चालेल?

चिक्कमगळूरूजवळच्या बाळेहोन्नूरला मध्यवर्ती कॉफी संशोधन संस्था १९२५ पासून उभी आहे. खोडकिड्याच्या नराच्या गंधाने माद्यांना सापळ्यात ओढण्यापासून परजीवी गांधीलमाश्या वाढवून शेतकऱ्यांना देण्यापर्यंत पुष्कळ कामं तिथे झाली. तशा संस्थेला शंभर वर्षांच्या नोंदींचा आधार असतो, तो कुठल्याही नव्या यंत्राने मिळत नाही. जिम्माचं सत्य जारामिल्लो यांना सांगता आलं, त्यामागे बत्तीस वर्षं कोणीतरी रोज तापमापकाकडे जाऊन आकडा लिहून ठेवला होता. त्या माणसाचं नाव निबंधात नाही. त्याला ब्रोका ठाऊकही नसेल.

आपल्याकडे कॉफी म्हणजे मेळघाटातलं चिखलदरा, इंग्रजांच्या काळात लावलेली, थोडीशी. त्या डोंगरावर दिवसाची उष्णता किती चढते, रात्री किती उतरते आणि १४.९ ते ३२ अंशांच्या त्या पट्ट्यात वर्षातले किती दिवस जातात, हे तिथल्या एखाद्या महाविद्यालयातली प्राणिशास्त्राची मुलगी एका वहीत आणि एका तापमापकावर काढू शकेल. तिला त्यासाठी कोणी विचारलेलं नाही.

माघ-फाल्गुनात तोडणी उरकल्यावर कोडगूतल्या एखाद्या झाडाच्या आतल्या फांदीवर एक फळ राहून जातं. ते वाळतं, काळं पडतं, देठाला तसंच धरून राहतं. हातात घेतलं तर हलकं लागतं आणि टोकाशी टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं. चिरलं तर आत काळ्याभोर, फळलेल्या माद्या दाटीने बसलेल्या असतात, पहिला पाऊस पडेपर्यंत.